एनबीए नाही मिळाली तर युरोपात गार्डचं करिअर होतं का? जे. आर. होल्डनचं उदाहरण नीट बघू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की भाचा अमेरिकेत एका छोट्या कॉन्फरन्समधल्या (म्हणजे कॉलेजांच्या गटातल्या) डिव्हिजन वन, म्हणजे वरच्या पातळीच्या, कॉलेजकडून बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून टीमचा खेळ चालवणारा, म्हणून खेळतो, शेवटचं वर्ष चालू आहे, एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगचं, काही जमणार नाही हे त्यालाही कळून चुकलंय, आता म्हणतो युरोपात जाऊन प्रोफेशनल खेळणार आणि सारखं जे. आर. होल्डनचं, म्हणजे 2007 मध्ये शेवटच्या शॉटवर रशियाला युरोपचा चॅम्पियन करणाऱ्या अमेरिकन गार्डचं, नाव घेतो. घरच्यांना वाटतंय की ही नोकरी लांबणीवर टाकायची सबब आहे. तर हे खरं करिअर आहे की दोन वर्षांची हौस, हे तुम्हाला हवंय.

मी बरीच वर्षं जर्मनीत आहे, नोकरी सांभाळून इथल्या खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबच्या कोचिंग स्टाफमध्ये काम करतो, आणि दर ऑगस्टमध्ये आमच्याकडे अमेरिकन कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली एक-दोन पोरं येतात, बहुतेक वेळा गार्डच. त्यातली काही ख्रिसमसला घरी जातात ती परत येत नाहीत, काही पुढे मोठ्या लीगमध्ये जातात आणि दहा-बारा वर्षं व्यवस्थित खेळतात. म्हणून सांगतो, करिअर खरं आहे, पूर्ण वेळचं आहे, पण होल्डनचं नाव घेणाऱ्या बहुतेक पोरांनी त्याचा तो एक शॉटच बघितलेला असतो, त्याच्या आधीची नऊ वर्षं कोणी बघत नाही. आणि तुमच्या भाच्याला जे शिकायचंय ते त्या नऊ वर्षांतच आहे.

होल्डन पिट्सबर्गचा. जन्म 1976 चा, उंची साधारण सहा फूट एक इंच, म्हणजे बास्केटबॉलच्या हिशोबाने लहानखुरा. 1994 ते 1998 बकनेल युनिव्हर्सिटीत खेळला, पेनसिल्व्हेनियात लुइसबर्ग नावाच्या छोट्या गावात आहे ती, पॅट्रिअट लीगमधली. ही लीग अभ्यासासाठी नावाजलेली, एनबीएचे स्काउट तिथे फारसे फिरकत नाहीत. 1998 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे क्लब नवीन पोरं निवडतात त्यात, एकूण 58 खेळाडू निवडले गेले, त्यात याचं नाव नव्हतं. त्यात त्या वर्षी एनबीएमध्ये मालक आणि खेळाडूंचं भांडण होऊन लॉकआउट झाला, सीझन कापून 50 मॅचचा झाला, त्यामुळे ज्यांची निवड झाली होती तेसुद्धा घरी बसून होते, मग न निवडलेल्या गार्डला कोण विचारणार. हा पोरगा उठून गेला लॅटव्हियाला, रीगामध्ये. लॅटव्हियाची लीग म्हणजे युरोपातली पहिली पायरीसुद्धा नाही, पायरीच्या आधीचा उंबरठा म्हणा. तिथे 1999 मध्ये टीम चॅम्पियन झाली. मग बेल्जियम, ओस्टेंडे, दोन सीझन, तिथेही 2001 ला लीग जिंकली. मग ग्रीस, एईके अथेन्स, एक सीझन, आणि 2002 मध्ये ग्रीक लीगच्या फायनलमध्ये ऑलिंपियाकोसविरुद्ध पहिल्या दोन मॅच हरून पुढच्या तीन जिंकल्या आणि किताब घेतला. मग 2002 मध्ये मॉस्कोचा सीएसकेए, आणि तिथे 2011 पर्यंत, निवृत्त होईपर्यंत, तोच एक क्लब.

हा क्रम बघा. लॅटव्हिया, बेल्जियम, ग्रीस, रशिया, प्रत्येक वेळी एक पायरी वर, आणि प्रत्येक ठिकाणी जाताना त्याच्या हातात मागच्या ठिकाणची ट्रॉफी होती. युरोपात क्लबवाले तुमच्या पॉइंटच्या सरासरीकडे बघतात तसंच, किंबहुना जास्त, हे बघतात की हा गार्ड असताना टीम जिंकली का. कारण इथे बऱ्याच लीगमध्ये शेवटच्या नंबरावर आलं की खालच्या डिव्हिजनला जावं लागतं, स्पॉन्सर जातो, क्लबच्या सेक्रेटरीची झोप उडते. अमेरिकन कॉलेजमध्ये हरलं तर पुढच्या वर्षी परत तीच लीग असते. या एका गोष्टीने इथल्या कोचचं सगळं वागणं बदलतं आणि नवीन आलेल्या पोराला ते पहिले दोन महिने कळतच नाही.

आता खेळातला फरक सांगतो, कारण घोडं इथेच अडतं. आमच्याकडे पहिल्या आठवड्याच्या प्रॅक्टिसमध्ये ठरलेला सीन असतो. पोरगा विंगला, म्हणजे कोर्टाच्या बाजूला, बॉल घेतो, खांद्याने एक हुलकावणी देतो, झपकन पहिलं पाऊल टाकून डिफेंडरला मागे टाकतो, आणि शिट्टी. ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल हातात धरून बेकायदा पाऊल. तो हात वर करून बघत राहतो, परत तेच करतो, परत शिट्टी. त्याचं काय होतं की ड्रिबल सुरू करताना बॉल हातातून सुटायच्या आधीच त्याचा पिव्हटचा, म्हणजे जमिनीवर टेकून ठेवायचा, पाय उचललेला असतो. नियम अमेरिकेतही कागदावर असाच आहे पण तिकडे ते सर्रास चालवून घेतात, फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे, रेफरी घेत नाहीत. 2017 मध्ये फिबाने नियम थोडा सैल केला, पळत असताना बॉल पकडला तर एक पाऊल जास्त मिळतं, पण उभ्या जागेवरून सुरुवात करताना आधी बॉल आणि मग पाय, यात सूट नाही. चार वर्षं ज्या एका पावलावर पोराचा सगळा गेम उभा होता तेच पाऊल इथे बेकायदा. आम्ही त्याला खुर्ची समोर ठेवून, बॉल आधी जमिनीवर आपटून मग पाय टाकायला लावतो, सकाळी अर्धा तास, लहान मुलांना शिकवतात तसं, आणि जो हे राग न धरता करतो तो ऑक्टोबरपर्यंत तयार होतो.

दुसरं म्हणजे रिंगच्या खालची जागा. एनबीएमध्ये डिफेन्सचा मोठा माणूस कोणाला गार्ड न करता पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात, तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही, फिबामध्ये हा नियमच नाही, तो हवा तेवढा वेळ तिथे ठाण मांडून बसतो. म्हणजे तुम्ही पहिल्या माणसाला हरवून आत घुसलात तरी समोर दोन मीटर दहाचा सर्ब किंवा लिथुएनियन हात वर करून उभाच. कॉलेजमध्येही पेंट भरलेला असतो, पण तिथे मोठे प्लेअर वीस-एकवीस वर्षांचे, इथे बत्तीस वर्षांचे, ज्यांनी हाच पिक अँड रोल, म्हणजे साथीदाराच्या आडोशाने आत घुसायचा डाव, हजारो वेळा बघितलाय. मग रिंगपर्यंत जायच्या आधी थांबून मारलेला जंप शॉट, फ्लोटर म्हणजे मोठ्या माणसाच्या हातावरून अलगद सोडलेला शॉट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोठा माणूस एक पाऊल पुढे आला की त्याच क्षणी कोपऱ्यात गेलेला पास, हे ज्याला येतं तो टिकतो. होल्डनच्या वेळी तर फरक अजून मोठा होता, कॉलेजमध्ये शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, 35 सेकंदांचा आणि इकडे 2000 पासून 24 चा. अकरा सेकंद कमी म्हणजे गार्डने डोकं वर करून विचार करायचा वेळच गेला.

होल्डनने काय केलं तर स्वतःचा गेम छोटा केला. कॉलेजमध्ये तो टीमचा मुख्य स्कोअरर होता. सीएसकेएत तो कधीच टीमचा एकटा राजा नव्हता. 2005 पासून तिथे एत्तोरे मेसिना कोच, अतिशय कडक इटालियन माणूस, आणि टीममध्ये थिओ पापालुकास हा ग्रीक गार्ड, जो त्या काळात युरोपातला सगळ्यात हुशार पासर होता. मेसिना काय करायचा, होल्डनला सुरुवातीला उतरवायचा आणि पापालुकासला बेंचवरून आणायचा. होल्डनचं काम समोरच्या पॉइंट गार्डला पूर्ण कोर्टभर छळायचं, बॉल सुखरूप पुढे आणायचा, मोकळा शॉट मिळाला तर घ्यायचा, आणि शेवटच्या दोन मिनिटांत जेव्हा सगळे प्लॅन फसतात तेव्हा एकट्याने काहीतरी तयार करायचं. 2006 मध्ये प्रागला मकाबी तेल अवीवला 73-69 हरवून सीएसकेएने युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली, क्लबचा 1971 नंतरचा पहिला युरोपियन किताब, म्हणजे 35 वर्षांनी, आणि फायनल फोरचा, म्हणजे शेवटच्या चार टीमच्या फेरीचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) पापालुकास झाला. 2008 मध्ये माद्रिदला परत मकाबीलाच हरवलं, तेव्हा एमव्हीपी ट्रेजन लँगडन. होल्डन दोन्ही वेळा टीमच्या मधोमध होता आणि दोन्ही वेळा एमव्हीपीची ट्रॉफी दुसऱ्याच्या हातात. ज्या कॉलेज गार्डला हे सहन होत नाही त्याने युरोपातल्या मोठ्या क्लबचं स्वप्न बघू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

लँगडनचा विषय निघालाच आहे तर, तो अगदी उलट्या दिशेने आला. अलास्कातल्या अँकरेजचा, ड्यूकसारख्या बड्या कॉलेजमध्ये खेळलेला, 1999 ला क्लीव्हलँडने पहिल्या राउंडमध्ये 11 व्या नंबरला घेतला, तीन सीझन एनबीए खेळला आणि मग इटली, तुर्की, मॉस्को. एक पॅट्रिअट लीगमधला ड्राफ्ट न झालेला, एक ड्यूकचा लॉटरी पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये अगदी वरच्या नंबरांत निवडलेला, दोघं एकाच ड्रेसिंग रूममध्ये एकाच टीमसाठी युरोलीग जिंकतात. पुढे दोघंही एनबीए क्लबांच्या ऑफिसात गेले, स्काउटिंग वगैरे, आणि लँगडन तर 2024 पासून डेट्रॉइट पिस्टन्सचा बास्केटबॉलचा प्रमुख आहे. तेव्हा खेळून झाल्यावर पुढे काय हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर शून्य नाही.

आता पासपोर्ट. याबद्दल पोरं कमी बोलतात आणि एजंट खूप बोलतात. युरोपात बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडू किती ठेवायचे याला मर्यादा असते. 1995 च्या बॉसमन निकालानंतर, म्हणजे युरोपियन कोर्टाने एका फुटबॉलपटूच्या खटल्यात दिलेल्या निकालानंतर, युरोपियन युनियनच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात खेळायला मोकळीक मिळाली, त्यामुळे ही मर्यादा खऱ्या अर्थाने अमेरिकनांवर आली. म्हणजे एका टीममध्ये अमेरिकनांसाठी मोजक्या जागा आणि त्यासाठी दरवर्षी कॉलेजमधून बाहेर पडणारे शेकडो गार्ड. ज्याच्याकडे दुसरा पासपोर्ट आहे तो त्या रांगेतून बाहेर पडतो आणि त्याची किंमत वाढते. होल्डनला 2003 मध्ये पुतिन यांच्या आदेशाने रशियन नागरिकत्व मिळालं. तिथे त्याचं कोणी नातेवाईक नव्हतं की काही नाही, पण त्यामुळे रशियन लीगमध्ये तो देशी खेळाडू म्हणून मोजला जाऊ लागला आणि सीएसकेएला परदेशी खेळाडूची एक जागा मोकळी मिळाली. एका क्लबमध्ये नऊ वर्षं टिकण्यामागे त्याचा खेळ होताच, पण हा कागदही होता, आणि हे सांगितल्याने त्याची कर्तबगारी कमी होत नाही.

या कागदामुळेच तो रशियाच्या राष्ट्रीय टीममध्ये आला. फिबाच्या नियमाने असा एकच नागरिकत्व घेतलेला खेळाडू टीममध्ये चालतो आणि त्या एका जागेवर काळा अमेरिकन गार्ड, यावर रशियात बरीच कुरकुर झाली. मग 16 सप्टेंबर 2007, माद्रिद, युरोबास्केटची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची, फायनल. समोर स्पेन, आदल्या वर्षीचे वर्ल्ड चॅम्पियन, घरच्या मैदानावर, पाऊ गॅसोल, नवारो, कॅल्डेरोन. रशियाचा कोच डेव्हिड ब्लॅट, तोही मूळचा प्रिन्स्टनचा गार्ड जो इस्रायलमध्ये जाऊन खेळला आणि तिथलाच झाला. रशिया 58-59 ने मागे, बॉल होल्डनकडे, त्याने डिफेंडरला जागेवर हलवून जंप शॉट मारला, बॉल रिंगवर आपटला, वर उडाला आणि आत पडला. दोन सेकंद उरले होते. गॅसोलचा शेवटचा शॉट रिंगला लागून बाहेर आला आणि रशिया 60-59 ने युरोपचा चॅम्पियन. भाचा जो व्हिडिओ बघतो तो हाच. शेवटच्या क्षणी बॉल त्याच्याच हातात दिला गेला कारण त्याआधी पाच सीझन त्याच देशात, त्याच लोकांबरोबर, रोज दोन वेळा प्रॅक्टिस करून त्याने तो विश्वास कमावला होता.

मुलींच्या बाजूलाही हीच गोष्ट घडलीय, बेकी हॅमन, कोलोरॅडो स्टेटची गार्ड, डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे मुलींच्या एनबीएच्या, ड्राफ्टमध्ये निवडली गेली नाही, पुढे तिथे ऑलस्टार झाली, हिवाळ्यात मॉस्कोत खेळायला गेली आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाकडून ब्राँझ घेऊन आली, त्यावरून अमेरिकेत तिला खूप बोलणी खावी लागली. बो मॅककॅलेब, युनिव्हर्सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्सचा, त्याने मॅसेडोनियाचा पासपोर्ट घेतला आणि 2011 च्या युरोबास्केटमध्ये त्या एवढ्याशा देशाला चौथ्या नंबरावर नेलं. आणि आत्ताचं उदाहरण हवं असेल तर माइक जेम्स. लमार नावाचं कॉलेज, ड्राफ्ट नाही, सुरुवातीला इटलीच्या खालच्या लीगमध्ये धक्के खाल्ले, आणि 2024 मध्ये युरोलीगच्या इतिहासातला सगळ्यात जास्त पॉइंट करणारा खेळाडू झाला आणि त्याच सीझनचा एमव्हीपीसुद्धा. तो होल्डनसारखा नाही, तो भरपूर शॉट घेतो, कोचशी त्याचे खटकेही उडालेत. म्हणजे गेम छोटा करणं हा एकच रस्ता आहे असं नाही, पण जेम्ससारखं स्कोअर करणारे फार थोडे असतात आणि भाचा त्यातला आहे का हे त्याच्या कॉलेजच्या कोचला सरळ विचारा, ते खरं सांगतात.

पैशाचं बोलू. आमच्यासारख्या खालच्या डिव्हिजनमध्ये पहिल्या वर्षी पगार साधारण एवढाच की खाऊन-पिऊन थोडे उरतात. फ्लॅट क्लबचा, गाडी क्लबची किंवा दोघांत एक, कधी दुपारचं जेवण एखाद्या स्पॉन्सरच्या हॉटेलात, आणि करार सात-आठ-दहा महिन्यांचा, उन्हाळ्यात पगार शून्य. करारातला आकडा बहुतेक वेळा कर कापून हातात येणारा असतो, ही चांगली गोष्ट, पण भाचा अमेरिकन नागरिक असेल तर त्याला अमेरिकेतही दरवर्षी रिटर्न भरावाच लागतो, हे पोरं विसरतात. युरोलीगच्या क्लबमध्ये मात्र पगार मिलियनमध्ये जातात, मधल्या लीगमध्ये दोन्हीच्या मधलं. आणि पगार उशिरा होणं हा या धंद्यातला जुना आजार आहे. मी स्वतः पाहिलंय, एका क्लबने, नाव घेत नाही, डिसेंबर-जानेवारीचे पैसे दिले नव्हते आणि आमचा एक जुना गार्ड तिथे हिवाळ्यात हीटिंगच्या बिलावरून घरमालकाशी भांडत बसला होता. अशा तक्रारींसाठी फिबाने 2007 मध्ये लवाद सुरू केला, आता त्याला बॅट म्हणतात, जिनिव्हात बसतो, आणि ज्या क्लबने निकाल पाळला नाही त्यावर नवीन खेळाडू घ्यायची बंदी येऊ शकते. पण तुमच्या करारात बॅटचं कलम लिहिलेलं असेल तरच तिकडे जाता येतं. छोट्या क्लबच्या दोन पानी करारात ते कधीकधी नसतं.

एक गोष्ट होल्डनच्या वेळी नव्हती ती सांगायलाच हवी. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात आणि 2025 पासून तर कॉलेजंच थेट पैसे देऊ शकतात. त्यामुळे भाच्याची खेळायची पात्रता एक वर्षही उरली असेल तर ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, मोठ्या कॉलेजला जाऊन एक सीझन खेळणं हे पहिल्या वर्षीच्या युरोपियन करारापेक्षा पैशात कितीतरी जास्त पडू शकतं, आता तर युरोपातली तरुण पोरं उलट तिकडे चालली आहेत. आणि मॉस्कोचा रस्ता, ज्यावर होल्डन मोठा झाला, तो 2022 पासून जवळपास बंद आहे, रशियन क्लब युरोलीगमधून बाहेर आहेत. पैसा आता तुर्की, ग्रीस, स्पेन, मोनाको, आणि हल्ली दुबईकडे सरकलाय.

घरच्यांना माझ्याकडून सांगा, आधी डिग्री पूर्ण करू दे, बकनेलच्या पोराने तेच केलं होतं. मग दोन सीझन द्या त्याला, त्यात एक पायरी वर चढला तर पुढे जाऊ दे, त्याच पायरीवर राहिला तर बोला. पहिला क्लब निवडताना मोठं शहर किंवा शंभर-दोनशे युरो जास्त याकडे बघू नका, गेल्या वर्षी त्या क्लबच्या अमेरिकन गार्डला पैसे वेळेवर मिळाले का आणि तो पुढे कुठे गेला हे विचारा, तो पोरगा इन्स्टाग्रामवर सापडतो, मेसेज केला की सगळे उत्तर देतात, मी अजून एकही न देणारा बघितला नाही. आणि करार आला की सही करायच्या आधी इतकं बघा की मेडिकल टेस्ट पहिल्या दोन-तीन दिवसांत करायची असं लिहिलंय का, दुखापत झाली तर पगार चालू राहतो का, परतीचं तिकीट कोणाचं, किती दिवस पगार थकला तर सोडून जाता येतं, आणि बॅटचं कलम आहे का. एजंटची फी युरोपात बऱ्याचदा क्लब देतो, त्यामुळे जो एजंट आधीच पैसे मागतोय, कॅम्पची फी, व्हिडिओची फी, प्रोफाइलची फी, त्याला नमस्कार करा आणि दुसरा बघा.

भाच्याच्या दोन पूर्ण मॅचचे व्हिडिओ असतील तर पाठवा, हायलाइट नकोत, त्यात फक्त गेलेले शॉट दिसतात. मला तो बॉल नसताना काय करतो ते बघायचंय.